आष्टीच्या घरातलं परतूर स्टेशन

दरवर्षी जानेवारी लागला की आमच्या ग्रुपवर मागण्यांचा सपाटा सुरू होतो. ग्रुप म्हणजे मोबाइलवरचा, छोट्या रेल्वेगाड्यांचा नाद लागलेल्या लोकांचा. कोणी पुण्याचे, कोणी नागपूरचे, कोणी चेन्नईचे, एकदोघं तर अमेरिकेत बसलेले. कंपन्यांनी यंदा कोणतं इंजिन बनवावं, ह्यावर आम्ही सगळे तावातावानं लिहितो. कोणाला घाटातलं जुनं विजेचं इंजिन पाहिजे, कोणाला वाफेचं, कोणाला कालपरवापर्यंत जालन्यावरून धडधडत जाणारं आणि आता डोक्यावर तारा आल्यापासून दिसेनासं झालेलं डिझेल. एक जण लिहितो, भोंगा डाव्या बाजूला पाहिजे. दुसरा लिहितो, अहो साहेब, तुम्ही म्हणता ते नंतरचं मॉडेल. झालं, मग जुंपते ती होळीपर्यंत. कंपनीतलं कोणी हे सगळं वाचतं की नाही, देव जाणे.

मी जालन्यात दात बनवतो. डॉक्टर नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक भर रस्त्यात थांबवून आ वासतात आणि माझं डोकं फिरतं. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून मी कवळी, कॅप, ब्रिज करून देतो. मेण, प्लास्टर, पावडर, तार आणि एक घरघरणारं घासायचं मशीन, एवढ्यावर माझं घर चाललंय. उरलेल्या वेळात मी रेल्वे करतो. बायको त्याला "खेळतात" म्हणते. आधी मी भांडायचो, आता सोडून दिलंय.

गुरुजींची ओळखही कवळीमुळंच झाली. ते परतूरजवळच्या आष्टीच्या शाळेतून रिटायर झालेले. कवळी टोचते म्हणून डॉक्टरांनी त्यांना सरळ माझ्याकडं पाठवलं होतं. मी कवळी घासत होतो आणि गुरुजी बोळक्या तोंडानं माझ्या टेबलावरचं जर्मन इंजिन निरखत होते. कवळी घातली, एकदोनदा दात चावून बघितले आणि पहिलं वाक्य बोलले ते कवळीबद्दल नाहीच.

"इंजिन झकास हाय," ते म्हणाले, "पण आपलं न्हाई."

मला रागच आला. ते इंजिन मागवायला किती खटपट केली होती ती माझी मला माहीत. "आपलं म्हणजे कोणतं?"

"मीटरगेजचं डिझेल. परतूरला यायचं ते."

"ते कोणी बनवत नाही, गुरुजी."

"मला म्हाईत हाय की. म्हणून तर वाट बघून राह्यलो."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पूर्वी अरुंद रुळांची गाडी होती, मीटरगेज. जालना, परतूर, सेलू, सगळ्या पट्ट्यात तीच. मोठी लाइन आल्यावर ते रूळ उखडले, ती इंजिनं गेली. मुंबईच्या, दिल्लीच्या इंजिनांची मॉडेलं एखाददुसरी कंपनी करते. आमच्या मीटरगेजच्या डिझेलचं नाव काढलं की सगळे तोंड फिरवतात. पुढं मी गुरुजींनाही ग्रुपवर घेतलं, तर तिथं ते मागणारे फक्त दोघंच होते, गुरुजी आणि त्यांच्या नादानं मी.

कवळी बघायचं निमित्त करून मी आष्टीला गेलो. गुरुजी एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, नोकरीत असताना बांधलेलं. बाहेरच्या खोलीत पलंग आणि टीव्ही. आतल्या खोलीत परतूर स्टेशन.

खोटं नाही सांगत, मी दारातच थांबलो. शाळेनं मोडीत काढलेली बाकं ओळीनं लावलेली, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर अख्खं स्टेशन. बैठी इमारत, तिकिटाची खिडकी, पाण्याची टाकी, टाकीखाली ओल धरून आलेलं हिरवं शेवाळ, बाहेर कडुलिंब, टांग्यांची जागा, मालधक्क्यावर कापसाच्या गाठी. गाठीतला कापूस खरा. बाकी सगळं पुठ्ठा, खडू, आगपेटीच्या काड्या आणि डिंक. रूळ तेवढे बाहेरून मागवलेले, अरुंद मापाचे. फलाटाला पुठ्ठ्याचे डबे लागलेले, खिडक्यांना गजसुद्धा होते. दारांना मात्र पायऱ्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाले, "केल्त्या. पण लावल्या की फलाटाला अडायच्या. मंग काढून ठेवल्या."

मी मान हलवली आणि कापसाच्या गाठी बघायला लागलो.

डब्यांच्या पुढं रूळ रिकामे होते. मी म्हटलं, "गुरुजी, तवर एखादं दुसरं इंजिन उभं करा की. माझं घेऊन जा, जर्मन."

"परतूरला जर्मन इंजिन कशाला येईल? कापूस न्यायला?"

माणूस हट्टी होता. इतकी वर्षं खपून स्टेशन उभं केलं, आणि त्यावर एकही गाडी चालवली नव्हती. डबे हातानं ढकलायचे, पुसायचे, परत जागेवर लावायचे.

डब्याच्या दारासमोर फलाटावर एक बाई आणि एक पोरगं उभं होतं. बोटाच्या पेराएवढी माणसं. बाई परदेशी. पाकिटातून निघाली तेव्हा अंगात कोट होता आणि डोक्यावर हॅट. गुरुजींनी हॅट घासून काढली, कोटावर हिरवं लुगडं रंगवलं, सुईच्या टोकानं कुंकू लावलं. हात दोन्ही कोटाच्या खिशात घातलेले, त्यांचं काही करता येईना. शेवटी पदराखाली घेतल्यासारखे रंगवून टाकले.

"ही आमची आई," गुरुजी म्हणाले, "अन् हा मी."

लहानपणी ते आईबरोबर जालन्याला मावशीकडं निघाले होते. पहिल्यांदाच आगगाडी बघणार. गाडी आली, पुढं हे डिझेल, लाल, तेलकट वासाचं, जमीन हादरवत. पोरगं घाबरून मागं मागं सरायला लागलं. आईनं बखोटीला धरलं, वर उचललं आणि डब्यात टाकलं. त्या ओढाताणीत एका पायातली चप्पल सुटली आणि गाडीखाली गेली. नवीकोरी चप्पल. पोरानं जालन्यापर्यंत भोकाड पसरलं, तेव्हा आई म्हणाली, रडू नको, इंजिनानं ठेवून घेतली, पुढच्या खेपेला मागून घेऊ.

"तवापास्नं कुठं बी हे डिझेल दिसलं की मी जवळ जाऊन बघायचो," गुरुजी म्हणाले. "ह्यानंच घेतली का काय म्हणून."

ही गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली, नंतर फोनवर सांगितली, ग्रुपवर तर कितीदा तरी लिहिली. माझी पाठ झाली होती. कोणी म्हणालं, आता पुरे गुरुजी, की मीच त्याच्यावर धावून जायचो.

मग पुण्यात आमच्या छंदवाल्यांचं प्रदर्शन भरलं. आम्ही दोघं गेलो. गुरुजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, मुलीकडच्यांना भेटायला निघाल्यासारखा. एका कंपनीचा माणूस तिथं नवीन इंजिनं मांडून बसला होता. चांगला सभ्य मुलगा होता, मी त्याला उगाच नावं ठेवणार नाही. गुरुजींनी मीटरगेजच्या डिझेलचं विचारलं.

"मीटरगेजला मार्केट नाही, सर."

"न्हाई कसं? आम्ही आलोत की."

"किती जण आहात?"

गुरुजींनी वळून माझ्याकडं बघितलं. मग त्याला म्हणाले, "दोघं."

तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला. माझं टाळकं सरकलं. मी काहीतरी बोलणार होतो, गुरुजींनी माझा हात दाबला आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

परतीच्या गाडीत गुरुजी खिडकीला बसले होते. औरंगाबाद मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "पोरगं दिवाळीनंतर न्यायला येऊन राह्यलं मला. कायमचं. गुडघ्यानं आता एकट्याचं निभंना."

"आणि स्टेशन?"

"फ्लॅटमधी कुठं मावतंय ते? सून बिचारी म्हणली, बाल्कनीत ठेवू. बाल्कनी बघितली मी. तिथं कपडे वाळत घालायला जागा न्हाई." मग म्हणाले, "तसं बिलकुल दुःख न्हाई मला. फकस्त एकदा इंजिन फलाटाला लागलेलं बघायचं होतं. मंग मोडलं तरी चाललं असतं."

मी म्हटलं, "मी बनवतो."

"तुम्ही दात बनविता."

"मग? दातापेक्षा इंजिन मोठंच असतं की!"

बोलायला काय जातं. घरी आलो आणि कॅलेंडर काढून बघितलं. दिवाळी काही फार लांब नव्हती.

चाकं आणि मोटर ग्रुपमधल्या एकानं कुठल्या तरी परदेशी इंजिनाची काढून पाठवली. चेन्नईच्या एकानं नकाशा पाठवला, सगळी मापं घातलेला. त्याबद्दल मी त्या माणसाच्या पाया पडायला तयार आहे. बाकीच्यांनी रंगावरून भांडणं सुरू केली. एक म्हणे निळं, एक म्हणे लाल, एक म्हणे लालच पण पट्टा जाड. मी ग्रुपचा आवाज बंद करून टाकला आणि मेण तापवायला घेतलं.

जे मला येतं त्याच पद्धतीनं मी इंजिन केलं. आधी मेणाचं कोरलं, प्लास्टरमध्ये पुरलं, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत कवळीची पावडर कालवून भरली. कवळी अशीच होते. कठड्याच्या दांड्यांना, वेड्यावाकड्या दातांना लावतात ती तार वापरली. पायऱ्या, बंपर, जाळ्या, सगळं नकाशाबरहुकूम. केसभरही इकडंतिकडं नाही. प्लास्टर फोडून इंजिन बाहेर काढलं तेव्हा बायको चहा घेऊन आली होती. तिनं बघितलं आणि कप खाली ठेवून हसत सुटली. पावडर माझ्याकडं एकाच रंगाची असते, हिरड्यांच्या. इंजिन गुलाबी.

"अहो, हे रेल्वे हाय का जबडा?"

"रंग द्यायचाय अजून!"

"द्या बाई, जल्दी द्या. अन् त्या अंबडच्या डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले. त्यांची पेशंट बिनदाताची बसलीय, लग्न हाय तिच्या घरी."

त्या बाईंची कवळी मी लग्नाआधी दिली, एवढं नमूद करून ठेवतो.

दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी लाल रंगवलेल्या इंजिनाचा डबा मांडीवर घेऊन मी एसटीनं आष्टीला गेलो. कंडक्टरनं विचारलं, मिठाई का? मी हो म्हटलं. गुरुजी ओट्यावर वाट बघत बसले होते. बाहेरच्या खोलीत सामानाची खोकी बांधून ठेवलेली, टीव्हीसुद्धा गुंडाळलेला. आतली खोली मात्र जशीच्या तशी होती, नुकती पुसलेली.

इंजिन हातात घेऊन गुरुजींनी आधी खालून बघितलं, मग समोरून, मग नाकाजवळ नेलं.

"सगळं बराबर हाय," ते म्हणाले. "पण इतकं चकाचक? हे इंजिन हाय का कवळी?"

चूक माझीच. आमच्या धंद्यात काम संपलं की घासूनपुसून चमकवायचं, हाताला तशी सवयच आहे. गुरुजींनी चुलीमागची काजळी आणली, बोटानं इंजिनाला वरून फासली आणि कापसानं पुसली. दोन मिनिटांत ते मीटरगेजचं झालं. मी करून देखील मला इतका वेळ ते तसं दिसलं नव्हतं.

मग रुळावर ठेवलं, घरून आणलेल्या विजेच्या डबीच्या तारा रुळांना जोडल्या. मी बटण फिरवलं. कडुलिंबाच्या सावलीतून निघालं, टाकीपाशी आलं, फलाटाच्या टोकाला पोचलं आणि टक्! अडलं. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मागं घेतलं, परत पुढं आणलं. परत टक्!

"रुळात काही आलं असंल," गुरुजी म्हणाले. रुळात काही नव्हतं.

माझ्याकडं निळा कागद असतो. कॅप उंच झाली का बघायला डॉक्टर दातांमध्ये धरून चावायला लावतात, तो. मी फलाटाच्या कडेला कागद धरला आणि इंजिन हळू पुढं ढकललं. कागद काढला तर फलाटाच्या वरच्या कडेला निळा डाग आणि इंजिनाच्या पायरीवर निळा डाग. फलाट उंच होता. इंजिनाची पायरी त्याच्या पोटात घुसत होती.

तेव्हा मी माझ्याच कपाळावर हात मारून घेतला. आमच्यात समोरच्या जबड्याचं माप घेतल्याशिवाय साधी कॅपसुद्धा करत नाहीत. इतके दिवस मी इंजिन कोरलं आणि ते ज्या फलाटाला लागणार त्याचं माप घ्यायचं मला सुचलं नव्हतं. नकाशा बघत बसलो!

"पायरी घासतो," मी म्हटलं. मशीन बरोबर आणलंच होतं.

"थांबा! घासायची कशाला? पायरी चुकलीय का?"

"नाही. पायरी नकाशाप्रमाणं आहे."

"मंग?"

"मग तुमचा फलाट चुकलाय, गुरुजी."

अरे बापरे! गुरुजी असे चिडले की शाळेतल्या पोरांना काय भोगावं लागलं असेल ते मला कळलं. "फलाट चुकलाय? मी सोता परतूरला जाऊन, टेप लावून, मोजून आल्तो! उकिडवं बसून! स्टेशनमास्तर वरडला माझ्यावर! अन् तुम्ही म्हणता चुकलाय?"

"आणि मी काय डोळे मिटून इंजिन केलं का? हा बघा नकाशा!"

"नकाशा गेला खड्ड्यात. फलाट मी मोजलाय."

"कधी मोजला?"

"रिटायर झाल्यावर."

मी नकाशा खाली ठेवला. ते रिटायर झाले तेव्हा मीटरगेज जाऊन जमाना झाला होता. मोठी लाइन आली, तसे फलाटही पुढं उंच केले. गुरुजींनी मोजला तो आत्ताचा फलाट, आत्ताच्या गाडीचा. पण हे त्यांच्या डोक्यात शिरेना. तोंडानं "न्हाई, न्हाई" चाललेलंच. म्हणाले, फलाट असाच होता, मला चांगलं आठवतंय.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी विचारलं, "गुरुजी, तुमची चप्पल कुठं पडली होती?"

"आता त्याचं काय मधीच?"

"सांगा तर."

"गाडीखाली."

"कशी?"

"कशी म्हणजे? शंभरदा सांगितलंय तुम्हाला. आईनं बखोटीला धरलं, वर उचललं अन् डब्यात..."

तिथं ते थांबले. डब्याच्या दारासमोर उभ्या असलेल्या त्या बाईकडं आणि पोराकडं बघत राहिले. दोघांचे पाय आणि डब्याची जमीन जवळजवळ एका पातळीत होती. त्या फलाटावरून पोरगं आपल्या पायानं चालत आत गेलं असतं. उचलायचं कामच नव्हतं.

"उचललं होतं की मला," गुरुजी अगदी हळू म्हणाले. "दार माझ्या डोक्याच्या वर होतं."

ती गोष्ट मीही तोंडपाठ करून बसलो होतो. त्या पायऱ्या अडतात म्हणून काढल्या, हे मी पहिल्या दिवशी कानांनी ऐकलं होतं. दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, ह्याला काय म्हणावं!

मी परत म्हटलं, "गुरुजी, मी पायरी घासतो. कोणाला कळणार आहे? पंधरा दिवसांनी हे सगळं निघणारच आहे."

"इंजिनाला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "माझा फलाट उतरवू."

फलाट पुठ्ठ्याचे थर चिकटवून केलेला होता. गुरुजींनी आधी त्यावरचे दिवे काढले, बाकडी काढली, चहाचा गाडा, सामानाची ढकलगाडी, आणि सगळ्यात शेवटी आई आणि पोरगं. ते मला हातात धरायला दिले. मग पातं घेऊन एकेक थर कापत, सोलत गेले. वर्षानुवर्षं रंगवलेला, झिजवलेला, पानाच्या पिचकाऱ्यांचे डागसुद्धा काढलेला फलाट. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "तुम्ही बसा." चेहरा तर इतका खूश, की मला वाटलं ह्यांना आता थांबवू नये.

थर उतरले. ते कपाटातून आगपेटी घेऊन आले. तिच्यात डब्यांच्या पायऱ्या जपून ठेवलेल्या होत्या. डिंक लावून एकेक दाराखाली चिकटवली. सगळ्या बसल्या.

"आता आणा," गुरुजी म्हणाले.

मी बटण फिरवलं. इंजिन कडुलिंबाच्या सावलीतून निघालं, टाकी ओलांडली, फलाटाच्या टोकाशी आलं. पायरी फलाटावरून अल्लाद पुढं सरकली आणि इंजिन डब्यांना जाऊन लागलं.

"लागली," गुरुजी म्हणाले. "गाडी लागली बरं का." आणि बाकाच्या कडेला टेकून बसले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. माझेही डोळे भरले. सांगायला लाज कसली! मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या कोणत्याही गाडीनं दिला नाही.

नंतर त्यांनी माझ्याकडून आई आणि पोरगं मागून घेतलं आणि खालच्या फलाटावर डब्यासमोर उभं केलं. आता दार खरंच पोराच्या डोक्याच्या वर होतं. गुरुजी बघत राहिले. मग पोरगं उचलून बाईच्या अंगाशी धरलं. चिकटेना. तिचे हात खिशात. डिंक लावला, पोरगं घसरून खाली पडलं. परत लावला, परत पडलं.

"मी मेणाची करतो," असं म्हणून मी पिशवीतून मेण काढलं. मेणबत्तीवर तापवलं, कोरलं. हात वर केलेली बाई करायची होती. पहिली अक्कलदाढेसारखी झाली, दुसरी त्याहून वाईट. माझ्या हाताला दात येतात, माणसं येत नाहीत. गुरुजी म्हणाले, राहू द्या. पोरगं परत खाली, दाराकडं मान वर करून उभं राहिलं, आणि शेजारी आई, पदराखाली हात घेऊन.

संध्याकाळच्या गाडीनं मी जालन्याला परतलो. जाईपर्यंत इंजिन कितीदा आलं आणि गेलं, त्याची मोजदाद नाही. मधल्या वेळात आम्ही खिचडी खाल्ली.

दिवाळीनंतर मुलगा गाडी घेऊन आला. गुरुजींनी स्टेशन मोडलं नाही. शाळेच्या हेडमास्तरांनी एका खोलीत जागा करून दिली, तशी बाकं आपल्या घरी परत गेली. पुण्याला त्यांनी फक्त इंजिन, एक डबा, फलाटाचा तेवढाच तुकडा आणि ती दोन माणसं नेली. टीव्हीखालच्या फळीवर ठेवली आहेत. सुनेनं फोटो पाठवला होता, नातीनं इंजिनासमोर बिस्किट ठेवल्याचा.

जानेवारी लागला. ग्रुपवर परत मागण्या सुरू झाल्या. भोंगा, रंग, पट्टा, सगळं तेच. मी वाट बघत होतो की गुरुजी यंदा काय मागतात. त्यांना पाहिजे ते इंजिन तर मिळालं होतं. मला वाटलं, आता ते गप्प बसतील.

एका सकाळी त्यांचा मेसेज आला. "कंपन्यांना विनंती. मीटरगेजचे इंजिन नाही बनवले तरी चालेल. एक बाई बनवावी. लुगडे नेसलेली. दोन्ही हात वर, हातांत मूल उचललेले. मुलाच्या एकाच पायात चप्पल दाखवावी."

ग्रुपवर कोणाला काही कळलं नाही. एकानं लिहिलं, गुरुजी, हे चुकून इथं आलं का? दुसऱ्यानं विचारलं, बाईचं माप काय, साल कोणतं? तिसऱ्यानं नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं. मी लॅबमध्ये कोणाची तरी कवळी घासत बसलो होतो. मशीन बंद केलं, हात पुसले आणि खाली लिहिलं, "बराबर हाय. माझी पण मागणी हीच धरा."